यंत्राच्या पोटातील घड्याळ

शाळेच्या घंटेवर टोल पडला की त्याविषयी कोणी शंका घेत नाही. घंटेने अकरा वाजल्याचे सांगितले म्हणजे अकरा वाजले! मुले वर्गात शिरतात, गुरुजी हजेरीपट उघडतात आणि शाळेचा व्यवहार सुरू होतो. टोल देणाऱ्याच्या हातावरील घड्याळ स्वतः बरोबर आहे की नाही, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्याही मनात तो कधी आला नव्हता. परंतु गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात एक प्रसंग घडला आणि त्यानंतर हा प्रश्न टाळणे आम्हांस शक्य झाले नाही. त्या प्रसंगात आमची चूक होती. म्हणून ती आधी सांगतो आणि मग तिच्या निमित्ताने जे शिकलो ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवतो.

सहामाही परीक्षेतील संगणक विषयाची चाचणी यंत्रांवरच घ्यावयाची होती. कक्षात वीस यंत्रे आहेत. घंटा झाली, आम्ही "सुरू करा" म्हटले आणि मुलांनी उत्तरे लिहिण्यास आरंभ केला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी प्रत्येक यंत्राने आपली प्रश्नपत्रिका आपणच बंद करावी, अशी योजना होती. शेवटची काही मिनिटे उरली असता मागच्या रांगेतील नववीचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझे यंत्र बंद झाले. वेळ अजून संपलेली नाही." त्याचे दोन प्रश्न लिहावयाचे राहिले होते. आम्ही त्याच्या पडद्याकडे पाहिले. तेथे अकरा वाजून चाळीस मिनिटे होऊन गेलेली स्पष्ट दिसत होती. "यंत्र खोटे बोलत नाही, खाली बैस," असे आम्ही म्हणालो. मुलगा काही न बोलता खाली बसला.

सायंकाळी कक्ष बंद करताना शेजारशेजारच्या दोन पडद्यांवर आमची सहज नजर गेली. दोहोंवरील मिनिटांचे आकडे निराळे होते! मग आम्ही विसाच्या वीस यंत्रांची घड्याळे एकामागून एक पाहिली. बहुतेकांत थोडाथोडा फरक होता. एक यंत्र दोन मिनिटे मागे होते आणि त्या मुलाचे यंत्र तब्बल चार मिनिटे पुढे होते. चाचणी संपल्याची जी नोंद यंत्रांनी ठेवली होती ती मात्र सर्वत्र सारखीच होती : अकरा वाजून चाळीस मिनिटे. सारखी असणारच, कारण प्रत्येकाने आपल्याच घड्याळाची साक्ष काढली होती. ती नोंद कितीही वेळा तपासली असती तरी त्या मुलाचे म्हणणे खरे होते हे तिच्यावरून कधीच कळले नसते.

हे कसे घडले? त्यासाठी प्रथम संगणकात घड्याळ कोठे असते ते पाहिले पाहिजे.

बहुतेक संगणकांत वस्तुतः दोन घड्याळे असतात. पहिले हार्डवेअर क्लॉक, म्हणजे यंत्राच्या अंगचे घड्याळ. संगणकाच्या मुख्य फळीवर, जिला मदरबोर्ड म्हणतात, एक लहानशी गोल चपटी बॅटरी बसविलेली असते. ती रुपयाच्या नाण्यासारखी दिसते आणि तिचा दाब ३ व्होल्ट असतो. संगणक बंद असला, त्याची वायर भिंतीतून काढून ठेवली, तरी ह्या बॅटरीच्या जोरावर अंगचे घड्याळ रात्रंदिवस चालत राहते. दुसरे सिस्टिम क्लॉक, म्हणजे चालते घड्याळ. ते यंत्र सुरू असेपर्यंतच जिवंत असते. संगणक सुरू होताना तो अंगच्या घड्याळाकडे एकदा पाहतो, तेथील तारीख व वेळ उचलतो आणि तेथून पुढे आपली मोजणी स्वतंत्रपणे करू लागतो. पडद्याच्या कोपऱ्यात आपल्याला जी वेळ दिसते ती ह्या चालत्या घड्याळाची होय.

शाळेतलेच उदाहरण घ्यावयाचे तर असे म्हणता येईल : कार्यालयाच्या भिंतीवरील घड्याळ हे अंगचे घड्याळ आणि शिपाईमामांच्या मनगटावरील घड्याळ हे चालते घड्याळ. मामा सकाळी आले की भिंतीकडे पाहून मनगटावरील घड्याळ लावतात आणि दिवसभर त्याच्या आधारे टोल देतात. भिंतीवरचे घड्याळ सकाळी चुकले असेल, तर दिवसाचे सगळे टोल चुकणार!

संगणकाला अंगचे घड्याळ पूर्वीपासून होतेच असे नाही. आय. बी. एम. कंपनीचा पहिला घरगुती संगणक १९८१ साली आला, तेव्हा तो सुरू केला की आजची तारीख व वेळ काय, हे तो माणसालाच विचारीत असे. १९८४ मध्ये त्याच कंपनीच्या 'ए. टी.' ह्या संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळ मुळातच बसविलेले होते. तेव्हापासून ही सोय रूढ झाली.

आता हे अंगचे घड्याळ चालते कशावर? त्यात लंबक नाही, कमान नाही. त्यात आहे स्फटिकाचा, म्हणजे क्वार्ट्झचा, एक सूक्ष्म तुकडा. नदीकाठी आपण ज्या गारगोट्या वेचतो त्यांच्याच जातीचा हा पदार्थ. क्वार्ट्झ दाबला असता त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार उत्पन्न होतो, हा गुण पिएर व झाक क्युरी ह्या फ्रेंच बंधूंनी १८८० साली शोधून काढला. उलट, त्याला वीज दिली की तो थरथरू लागतो, आणि ही थरथर विलक्षण नियमित असते. ह्या गुणाचा उपयोग करून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि जे. डब्ल्यू. हॉर्टन ह्यांनी १९२७ मध्ये पहिले क्वार्ट्झ घड्याळ बनविले.

संगणकातील तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावेल अशा बेताने कापलेला असतो. हा आकडा मुद्दाम निवडला आहे. त्याला दोनाने भागीत चला : १६,३८४, ८,१९२, ४,०९६, असे पंधरा वेळा निम्मे केले की शेवटी बरोबर १ उरतो. दोनाने भागण्याचे काम विद्युतमंडलाला सर्वांत सोपे. म्हणून पंधरा पायऱ्या उतरून कंपनांचा सेकंद तयार होतो. आपल्या हातावरील सेलच्या घड्याळातही बहुधा हाच आकडा काम करीत असतो.

परंतु क्वार्ट्झ नियमित असला तरी निर्दोष नव्हे. साधारण प्रतीच्या तुकड्यात दहा लाख भागांत वीस भागांपर्यंत चूक असणे स्वाभाविक मानले जाते. हे ऐकावयास अगदी क्षुल्लक वाटते. पण विद्यार्थ्यांनी स्वतः गणित करून पाहावे. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यांना वीसने गुणून दहा लाखांनी भागले की सुमारे पावणेदोन सेकंद येतात. महिन्याला ही चूक जवळजवळ ५२ सेकंदांची आणि वर्षाला साडेदहा मिनिटांची होते! शिवाय ह्या तुकड्याला सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. त्याहून उष्णता वाढली तरी तो मंदावतो आणि थंडी वाढली तरीही मंदावतो. आमच्या इंदुरास मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांच्या वर जातो. तापमान ४५ अंश झाले तर केवळ त्या कारणाने दिवसाला सेकंदाहून थोडी अधिक मंदगती येते. सुट्टीत दीड-दोन महिने दारे बंद असलेल्या कक्षातील वीस घड्याळे जून महिन्यात वीस निराळ्या वेळा सांगू लागली, तर त्यात नवल ते काय!

हा झाला मंद गतीने होणारा दोष. बॅटरी संपली म्हणजे दुसराच, अधिक ठळक दोष उद्भवतो. परीक्षेच्या आधी श्रावणात त्याचाही अनुभव आम्हांस आला होता. आमच्या कक्षात इंटरनेटची जोडणी असलेले यंत्र एकच. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी एक विद्यार्थिनी आपल्या वडिलांना घेऊन शाळेत आली. वडील कामावरून परस्पर आले होते आणि त्यांना परत जावयाचे होते. अर्जाचे पान काही केल्या उघडेना. जोडणी सुरक्षित नाही, एवढाच इशारा पडद्यावर पुनःपुन्हा येई. पाऊण तास गेल्यावर कोपऱ्यातील तारखेकडे आमचे लक्ष गेले. यंत्राच्या मते तो दिवस १ जानेवारी २०१० होता!

ह्याचे कारण असे. इंटरनेटवरील प्रत्येक खात्रीच्या स्थळाला एक ओळखपत्र असते आणि त्यावर अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत, अशी मुदत घातलेली असते. आपला संगणक ते ओळखपत्र आपल्या तारखेशी ताडून पाहतो. बॅटरी संपल्यामुळे आमच्या यंत्राचे घड्याळ कारखान्यात ठरवून दिलेल्या आरंभीच्या तारखेवर परत गेले होते. तेव्हा हे ओळखपत्र अद्याप लागूच झालेले नाही, असा त्याने निर्णय केला आणि दार लावून घेतले. त्याच्या दृष्टीने ते योग्यच वागत होते. आम्ही हाताने तारीख दुरुस्त केली, पान उघडले आणि अर्ज मुदतीत गेला. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र पुन्हा २०१० सालात जाऊन बसले. चालते घड्याळ नीट केले तरी अंगच्या घड्याळाचा आधार सुटला असेल, तर ती दुरुस्ती एका रात्रीपुरतीही टिकत नाही, हा पहिला धडा तेव्हा मिळाला.

मग आम्ही सर्व यंत्रांच्या बॅटऱ्या बदलल्या आणि घड्याळे हाताने लावली. कामाला दोन दिवस लागले. काही घड्याळे एका शिक्षकांच्या मनगटावरून लावली, काही दुसऱ्यांच्या, आणि काही आमच्या. आता खरी गोष्ट सांगितली पाहिजे. शाळेस उशीर होऊ नये म्हणून आम्ही आमचे मनगटी घड्याळ वर्षानुवर्षे चार मिनिटे पुढे ठेवीत आलो आहोत! मागच्या रांगेतील ते यंत्र आम्हीच लावले होते. त्या मुलाची चार मिनिटे यंत्राने घेतली नव्हती. ती आमच्या वक्तशीरपणाने घेतली होती.

तेव्हा घड्याळ लावावयाचे ते कोणत्या घड्याळावरून, हा खरा प्रश्न आहे. माणसाने ह्याचे उत्तर प्राचीन काळापासून आकाशात शोधले. आमच्या शहराहून अवघ्या काही कोसांवर उज्जयिनी आहे. सूर्यसिद्धांतादी ग्रंथांनी कालगणनेची मध्यरेषा ह्याच नगरीतून मानली आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने तेथे उभारलेल्या वेधशाळेतील सम्राट यंत्राची सावली आजही वेळ दाखविते. परंतु ती वेळ उज्जयिनीची. तिच्यात आणि आपल्या घड्याळात सरासरीने सुमारे २७ मिनिटांचे अंतर पडते. कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि उज्जयिनी ७५.८ अंशांजवळ आहे. एका अंशास चार मिनिटे ह्या हिशेबाने विद्यार्थ्यांनी हे अंतर स्वतः काढून पाहावे. रेल्वे आणि तारायंत्र येण्यापूर्वी अशी गावागणिक निराळी वेळ चालत असे आणि त्याने कोणाचे बिघडत नसे. गाड्या धावू लागल्या तेव्हा ते चालेना. १ जानेवारी १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ ठरविण्यात आली. तरी प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' त्या शहरात पुढेही अनेक वर्षे नांदत होती. जे पूर्वी गावांचे झाले तेच आज संगणकांचे झाले आहे : एकेकट्याने चालताना ज्याचे त्याचे घड्याळ पुरते, एकमेकांशी व्यवहार सुरू झाला की एकच वेळ लागते.

ही एकच वेळ आज पृथ्वीच्या फिरण्यावर नव्हे, तर अणूवर मोजली जाते. इंग्लंडातील टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत लुई एसेन आणि जॅक पॅरी ह्यांनी १९५५ मध्ये सिझियम धातूच्या अणूवर चालणारे पहिले भरवशाचे घड्याळ सिद्ध केले. १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्याच बदलण्यात आली : सिझियम-१३३ ह्या अणूच्या ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने होण्यास लागणारा काळ म्हणजे एक सेकंद. निरनिराळ्या देशांतील अशा घड्याळांच्या वेळा पॅरिसजवळील सेव्हर येथील आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयात एकत्र करून जगाची समन्वित वेळ ठरविली जाते. आपली प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते आणि ती राखण्याचे काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आपल्या आण्विक घड्याळांच्या साहाय्याने करते. पृथ्वीची गती अगदी सारखी नसल्याने १९७२ पासून २०१६ अखेरपर्यंत ह्या वेळेत २७ वेळा एकेक जादा सेकंद घालावा लागला. ही पद्धत २०३५ पर्यंत थांबविण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला आहे.

दिल्लीची वेळ आमच्या इंदूरच्या यंत्रापर्यंत येते कशी? ती आणणाऱ्या योजनेचे नाव नेटवर्क टाइम प्रोटोकॉल. अमेरिकेतील डेव्हिड मिल्स ह्या शास्त्रज्ञाने तिचा पहिला आराखडा १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. मिल्स ह्यांस जन्मापासून काचबिंदूचा विकार होता आणि उतारवयात त्यांची दृष्टी गेली. तरीही साऱ्या जगाची घड्याळे जुळविण्याच्या ह्या कामात ते अनेक दशके गढून राहिले. जानेवारी २०२४ मध्ये वयाच्या ८५ व्या वर्षी ते निवर्तले.

योजनेतील मुख्य अडचण पाहा. "किती वाजले?" असे दूरच्या घड्याळाला विचारले आणि "दहा वाजले" असे उत्तर आले, परंतु उत्तर येण्यास वेळ लागला तो? उत्तर हाती पडेपर्यंत दहा वाजून गेलेले असणार! मिल्स ह्यांनी ही अडचण ज्या युक्तीने सोडविली ती सातवीच्या मुलासही समजेल. आपण एका मुलास शाळेतून टपाल कचेरीत वेळ पाहण्यास पाठवितो, असे समजा. तो निघाला तेव्हा शाळेच्या घड्याळात दहा वाजले होते. कचेरीत पोहोचताच त्याने तेथील घड्याळ टिपले : दहा वाजून नऊ मिनिटे. निघताना पुन्हा टिपले : दहा वाजून दहा मिनिटे. शाळेत परत आला तेव्हा शाळेच्या घड्याळात दहा वाजून अकरा मिनिटे झाली होती. शाळेच्या घड्याळाप्रमाणे एकूण ११ मिनिटे गेली. त्यांपैकी १ मिनिट तो कचेरीत थांबला. म्हणजे चालण्यात १० मिनिटे गेली आणि एका फेरीस ५ मिनिटे लागली. तेव्हा तो कचेरीत शिरला त्या क्षणी शाळेत दहा वाजून पाच मिनिटे झाली असली पाहिजेत. कचेरीत मात्र दहा वाजून नऊ झाली होती. यावरून शाळेचे घड्याळ चार मिनिटे मागे आहे!

संगणक हेच करतो. तो चार वेळा टिपतो : प्रश्न निघाला तो क्षण, तो पोहोचला तो क्षण, उत्तर निघाले तो क्षण आणि उत्तर हाती पडले तो क्षण. हा प्रवास सेकंदाच्या लहानशा अंशात संपतो, एवढाच भेद. ह्या युक्तीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. जाण्यास आणि येण्यास सारखाच वेळ लागतो, असे तिने गृहीत धरले आहे. त्या मुलास जाताना चढ असल्यामुळे सहा मिनिटे आणि येताना उतार असल्यामुळे चार मिनिटे लागली असतील, तर आपल्या उत्तरात एका मिनिटाची चूक राहील. म्हणून संगणक एकदाच विचारून थांबत नाही; पुनःपुन्हा विचारतो आणि ज्या फेरीस सर्वांत कमी वेळ लागला तिच्यावर अधिक विश्वास ठेवतो. तसेच तो एकाच घड्याळावर विसंबत नाही. दोन घड्याळे निराळे सांगू लागली, तर खरे कोणते हे कळावयास मार्ग नसतो. तीन असली तर बहुमत पाहता येते. आणि एखादे बंद पडले तरी बहुमत उरावे म्हणून निदान चारांना विचारावे, असा जाणत्यांचा सल्ला आहे. आम्ही त्या दिवशी एकाच घड्याळाची साक्ष घेतली होती!

सगळ्या जगाने एकाच घड्याळाकडे धाव घेऊ नये म्हणून ह्या योजनेत पायऱ्या केल्या आहेत. आण्विक घड्याळ अथवा उपग्रहांवरून वेळ घेणारे ग्राहकयंत्र ही शून्य पायरी. त्याला थेट जोडलेला संगणक पहिल्या पायरीवर, त्याला विचारणारा दुसऱ्या पायरीवर, त्याला विचारणारा तिसऱ्या, अशी ही परंपरा पंधराव्या पायरीपर्यंत चालू शकते. सोळावा आकडा 'ह्याची वेळ जुळलेली नाही' असे सांगण्यासाठी राखून ठेवला आहे.

आपले घड्याळ चुकले आहे असे कळल्यावर ते एकदम ओढून ठिकाणावर आणावे काय? नेहमी नाही. घड्याळ अकस्मात मागे नेले तर दहा वाजून पाच मिनिटांनी लिहिलेली नोंद दहा वाजून चार मिनिटांनी लिहिलेल्या नोंदीच्या आधीची ठरते, आणि हिशेबाच्या वहीत असा घोटाळा झाल्यास मोठा अनर्थ ओढवतो. म्हणून फरक थोडा असेल तर चालत्या घड्याळाची गती किंचित कमी-अधिक करून ते हळूहळू जुळविले जाते. हा वेग जास्तीत जास्त दहा लाखांत पाचशे भाग इतका ठेवतात. म्हणजे एक सेकंद भरून काढण्यास सुमारे ३३ मिनिटे लागतात. ह्या गतीने आमच्या यंत्रातील चार मिनिटे जुळविण्यास साडेपाच दिवस लागले असते! म्हणून मोठा फरक एकदाच उडी मारून काढावा लागतो. आणि तो एक हजार सेकंदांहून अधिक निघाला, तर ह्या योजनेची मूळ आज्ञावली कामच थांबविते आणि माणसाने येऊन पाहावे अशी अपेक्षा करते. एवढी मोठी चूक आपली आहे की सांगणाऱ्याची, हे आपल्याला ठरविता येणार नाही, हे ती जाणते.

आता शेवटची पायरी, आणि तीच बहुधा विसरली जाते. जगाची वेळ येऊन जुळते ती चालत्या घड्याळाशी. यंत्र बंद केले की ते घड्याळ नाहीसे होते. म्हणून जुळलेली वेळ अंगच्या घड्याळात परत लिहून ठेवली पाहिजे. लिनक्स प्रणालीत वेळ जुळलेली असताना हे काम दर ११ मिनिटांनी आपोआप करण्याची सोय असते. हाताने करावयाचे झाल्यास त्यासाठी एचडब्ल्यूक्लॉक नावाची आज्ञा आहे. शिपाईमामांनी आकाशवाणीच्या ठोक्यांवर मनगटावरील घड्याळ लावले, तरी भिंतीवरील घड्याळ तसेच चुकलेले ठेवले, तर उद्याची सकाळ पुन्हा चुकीनेच उजाडणार. तसेच हे आहे.

येथे आणखी एक खाचखळगा सांगून ठेवतो. विंडोज प्रणाली अंगच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते. लिनक्स बहुधा जगाची समन्वित वेळ ठेवते. एकाच यंत्रात दोन्ही प्रणाली असल्या तर एकीने लिहिलेले दुसरी निराळ्या अर्थाने वाचते, आणि आपल्या देशात ही चूक नेमकी साडेपाच तासांची दिसते. घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकलेले आढळले, तर बॅटरीला दोष न देता हे कारण आधी तपासावे आणि दोहींना एकच रीत पाळावयास सांगावे.

हे सारे समजून घेतल्यावर आम्ही कक्षाची व्यवस्था बदलली. इंटरनेटची जोडणी असलेले एक यंत्र आता बाहेरच्या चार घड्याळांना वेळ विचारते. उरलेली एकोणीस यंत्रे कक्षातील तारांनी त्याला जोडलेली आहेत आणि ती त्याला विचारतात. जुळलेली वेळ प्रत्येक यंत्र आपल्या अंगच्या घड्याळात लिहून ठेवते. सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिल्या दिवशी दोन विद्यार्थी वीसही पडदे पाहून तारखा व वेळा वहीत टिपतात. एखादे यंत्र जुन्या सालात गेलेले आढळले तर त्याची बॅटरी बदलतात. चाचणी सुरू करण्यापूर्वीही हीच पाहणी होते. हे काम मागच्या रांगेतील त्याच विद्यार्थ्याने मागून घेतले.

आणि त्याचे दोन प्रश्न? दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात उभे राहून झालेली चूक सांगितली आणि सर्वांदेखत त्याची क्षमा मागितली. जे यंत्र दोन मिनिटे मागे होते त्यावर बसलेल्या विद्यार्थिनीने आपणहून उठून सांगितले की, आपल्याला दोन मिनिटे अधिक मिळाली होती. चाचणी रद्द करून ती सर्वांसाठी पुन्हा घेण्यात आली. त्या दिवशी घंटा, आमचे घड्याळ आणि वीस पडदे ह्यांत सेकंदाचाही फरक डोळ्यांस दिसत नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरीही संगणक असेल. त्याच्या कोपऱ्यातील वेळ एकदा भ्रमणध्वनीच्या वेळेशी ताडून पाहा. वेळ आपोआप जुळविण्याची सोय चालू आहे की नाही हे पाहा. यंत्र रोज सकाळी जुनी तारीख दाखवीत असेल, तर वडीलधाऱ्यांस सांगून जाणत्याकडून ती चपटी बॅटरी बदलून घ्या. आम्ही मात्र आता मनगटी घड्याळ चार मिनिटे पुढे ठेवीत नाही. शाळेस वेळेवर यावयाचे तर घरून चार मिनिटे आधी निघतो.